भिंतीपाशी सोडलेली फट

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या धाराशिवच्या घरी दिवाणखान्यातील शहाबादी फरशीवर लॅमिनेटच्या पट्ट्या बसवण्याचे ठरले. हौस चिरंजीवांची, देखरेख माझी. सारी नोकरी बँकेत कागद तपासण्यात गेल्यामुळे कोणतेही काम तपासण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, असा माझा समज होता.

मिस्त्रींनी दोन गोष्टी सांगितल्या. पट्ट्यांची खोकी दोन दिवस त्याच खोलीत ठेवावीत, आणि चारही भिंतींपाशी आठ ते दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. पहिली मी मान्य केली. दुसरी मला अर्धवट कामाची खूण वाटली.

"फटीत कचरा साचेल, जीवजंतू होतील. भिंतीला भिडवून बसवा," मी म्हणालो.

"साहेब, वरून स्कर्टिंग लागलं की फट दिसणारही नाही."

मी ऐकले नाही. काम देखणे झाले. ऑगस्टमध्ये मात्र दिवाणखान्याचा मध्यभाग पोट फुगल्यासारखा वर आला. पाऊल टाकताच पोकळ आवाज येई. एके सकाळी सौ. तेथे अडखळल्या, कपाट हाती लागले म्हणून पडल्या नाहीत. माल हलका आहे, असे ठरवून मी मिस्त्रींना फोनवर नको ते बोललो आणि त्यांचे राहिलेले सहा हजार रुपये रोखून धरले.

ते स्वतःहून आले. भिंतीकडचे स्कर्टिंग काढून त्यांनी मला खाली वाकायला लावले. पट्टी आणि भिंत यांच्यात दोराही शिरत नव्हता. या पट्ट्यांचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा असतो. आपल्याकडच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत तो आकसतो, पावसाळ्यात ओल पिऊन वाढतो. मीटरमागे एखादा मिलिमीटर. पट्ट्या खाली चिकटवलेल्या नसतात, एकमेकींत अडकवून त्यांची एकच चादर झालेली असते. त्यामुळे साऱ्यांची वाढ कडेला जाऊन पोहोचते. तेथे भिंत आडवी आली, तर चादर वर उचलली जाते.

"रुळांच्या सांध्यातसुद्धा फट ठेवायचे ना, साहेब?" ते म्हणाले.

मला लहानपणीचा यडशी ते लातूर हा नॅरोगेज गाडीचा प्रवास आठवला. त्या खडखडाटाचे आम्हा मुलांना कौतुक होते. तो सांध्यांचा आवाज होता. तेरा मीटरचा रूळ तीस अंशांनी तापला की चार-साडेचार मिलिमीटर लांबतो. लोखंड उन्हाने वाढते, लाकूड ओलीने. जागा दोघांनाही लागते.

मिस्त्रींनी कडेच्या ओळी काढून कापल्या. खाचा तुटलेल्या दोन पट्ट्या बदलल्या. शेजारच्या खोलीच्या दारात सलग गेलेली चादर तोडून वर धातूची पट्टी बसवली. स्कर्टिंगचे खिळे भिंतीतच ठोकले. ते पट्ट्यांत ठोकले तर फट सोडूनही उपयोग नसतो. आठवड्याभरात जमीन बसली.

मला बोचत राहिले ते निराळेच. कॅश क्रेडिट देताना शंभर रुपयांच्या मालावर मी पंचाहत्तरच रुपये मंजूर करीत असे. "पंचवीस कशाला अडवता?" म्हणून आपल्यापैकी कितीतरी व्यापारी बंधूंनी माझ्याशी हुज्जत घातली. भाव पडेल, माल पडून राहील, त्या दिवसासाठी ते मार्जिन आहे, असे मी प्रत्येकाला ऐकवले. तेच मार्जिन माझ्याच घरात एका जाणकार माणसाने मागितले, तेव्हा मी ते नाकारले. आणि त्याचा दोषही त्याच्याच नावे टाकला.

सहा हजार आणि नव्या कामाची मजुरी मी त्यांच्या हाती ठेवली आणि क्षमा मागितली. त्यांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि म्हणाले, "वरच्या खोलीचं काम काढाल तेव्हा सांगा, साहेब. फक्त तेव्हा भिंतीपाशी तुम्ही उभे राहू नका."