शेजारचे गवत

आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट आहे. मोकळा म्हणजे कागदोपत्री मोकळा. एरवी पोळा झाला की त्यात गाजरगवत असे माजते की पलीकडचा रस्ताही दिसेनासा होतो. त्याची पांढरी फुले लांबून पाहिली, तर एखाद्या कवीला चार ओळी सुचाव्यात! जवळ गेल्यावर मात्र कविता सुचत नाही, शिंका सुचतात. गेल्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींच्या हातांवर पुरळ उठले आणि रात्री-अपरात्री धाप लागू लागली. डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता विचारले, "घराजवळ गाजरगवत आहे का हो?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझे हत्यार एकच, लेखणी. प्लॉटचे मालक नाना आमचे जुने शेजारी. मुलाकडे पुण्यास जाऊन राहिलेले. त्यांना मी एक सणसणीत पत्र लिहिले. त्यात इतिहासही घातला. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास ते प्रथम पुण्यात नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे लोक सांगतात. एकेका झाडाला दहा-पंधरा हजार बिया धरतात, वगैरे. "तेव्हा पुण्याहून निघालेले हे संकट आपण पुण्यासच परत न्यावे," असा शेवट केला. त्या वाक्यावर मी बेहद्द खूष होतो.

उत्तर आले नाही. दुसरे पत्र पहिल्याहून तिखट झाले. ते टाकायला निघालो, तर दारात दूधवाला. तो म्हणाला, "सर, कागदानं गवत मरत नसतंय. फुलावर यायच्या आधी उपटावं लागतंय, मुळासकट."

परभणी हे १९७२ पासून कृषी विद्यापीठाचे गाव. तिथे नोकरीस असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले. तो म्हणाला, "सर, १९८४ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणलेला एक भुंगा पावसाळ्यात याची पाने फस्त करतो. पण आता फुले आली. या वर्षी उशीर झाला. दिवाळीनंतर तरोट्याचे बी गोळा करा आणि मृगाच्या तोंडावर फेका. तरोटा दाट उगवला की गाजरगवताला डोके वर काढू देत नाही."

त्याच आठवड्यात नानांचा फोन आला.

"मास्तर, दोन्ही पत्रं पोचली. भाषा झकास आहे तुमची." मग थोडा वेळ काहीच ऐकू येईना. "ही चैत्रात गेली हो. त्या जागेवर घर बांधायचं तिच्या मनात होतं. जागा विकवत नाही आणि तिथं येऊन उभं राहवत नाही. तुम्हीच माणूस लावा, पैसे मी पाठवतो."

मला बोलवेना. वहिनींना जाऊन सहा महिने झाले होते आणि आम्हांला पत्ता नव्हता. मुलांना पत्रलेखन शिकवणारा मी! माझ्या दोन पत्रांत गव्हापासून बियांपर्यंत सारे होते. 'आपण सर्व कुशल आहात ना?' एवढे पाच शब्द तेवढे नव्हते. सौ. ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, त्यांचे पैसे घेऊ नका."

यंदा मृगाआधी मी तरोटा फेकला. पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर हातमोजे चढवून, नाकाला रुमाल बांधून, चार रविवार गवत उपटले. पाठ धरली, पण एकाही झाडाला फूल येऊ दिले नाही. मातीतले जुने बी एका वर्षात संपत नाही. पुढच्या आषाढात पुन्हा वाकावे लागेल. पण सौ.ची धाप बरीच कमी आहे.

दर रविवारी काम आटोपले की नानांना फोन करायचा, असा परिपाठच पडला. तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी केली, तेव्हा सौ.ने तीही बातमी त्यांना दिली. नाना म्हणाले, "आमच्या हिची आवडती भाजी."

या दिवाळीत ते येणार आहेत. प्लॉटमध्ये उभे राहता येईल एवढी जागा आम्ही करून ठेवली आहे.