हजेरीपटावरचं नाव

मित्रमैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की आपल्या जालन्याकडे घराघरांत एकच प्रश्न, "सायन्सच ना?" एखादी म्हणाली, "मला आर्ट्सला जायचंय," की लगेच, "आर्ट्स शिकून काय करणार?" त्यातून ती बाहेरगावचं नाव घेऊ लागली, तर मग विचारूच नका!

आज तुम्हाला एका कॉलेजची गोष्ट सांगते. कॉलेज मुंबईचं, पण गोष्ट सुरू होते थेट फ्रान्समध्ये.

तिथल्या झ्वान्यी गावात १७७९ साली मादलेन सोफी बारा हिचा जन्म झाला. वडील लाकडी पिंपं बनवायचे. तिचा भाऊ लुई ११ वर्षांनी मोठा. त्याचं धर्मगुरू होण्याचं शिक्षण चाललं होतं. त्यानं ठरवलं, आपण शिकलो ते सोफीलाही आलं पाहिजे. मग काय, घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहासाचे धडे सुरू! लुई मास्तर म्हणून भलता कडक होता, बरं का. फ्रेंच राज्यक्रांतीत त्याला तुरुंगात टाकलं. सुटल्यावर तो बहिणीला पॅरिसला घेऊन गेला आणि शिकवणी पुन्हा चालू झाली.

प्रत्येक मुलीला असा भाऊ कुठून मिळणार? सोफीनं मुलींच्या शिक्षणालाच वाहून घेतलं. १८०० साली तिनं मैत्रिणींबरोबर 'सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट' हा कॅथलिक जोगिणींचा संघ सुरू केला. पुढच्याच वर्षी आमियाँ शहरात मुलींची शाळा निघाली आणि तिच्या जोडीला गरीब मुलींसाठी मोफत शाळा. १८६५ साली, ८५ व्या वर्षी सोफी वारली, तोवर या शाळा युरोप-अमेरिकेत पसरल्या होत्या.

याच संघानं १९४० साली मुंबईत मुलींसाठी सोफिया कॉलेज काढलं. तिकडे दुसरं महायुद्ध पेटलेलं, आणि इकडे मुलींचे वर्ग भरत होते! आजही भुलाभाई देसाई रोडवर हे कॉलेज आहे. तिथं सगळ्या धर्मांच्या मुली शिकतात. 'सोफिया' हा ग्रीक शब्द. अर्थ काय, माहीत आहे? शहाणपण!

त्या १९४० साली आपलं जालना निजामाच्या राज्यात होतं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ साली. त्याच सुमारास माझी आई परतूर तालुक्यातल्या एका खेड्यात चौथी पास झाली. पुढची शाळा तीन कोसांवर. मामा रोज चालत जायचा. आईला मात्र घरीच ठेवलं. संध्याकाळी मामा दिवसभरात शिकलेलं सगळं तिला सांगायचा, गणितं घालायचा. तो मॅट्रिकला बसला तेव्हा आईलाही सारं येत होतं. पण परीक्षेला बसणार कशी? तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं.

आई आजही हिशोब तोंडी करते, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. "शिकलीस किती?" असं कुणी विचारलं, की म्हणते, "चौथी."

म्हणून सांगते, भाऊ कितीही मायेचा असला तरी शाळा लागतेच. हजेरीपटावर नाव लागतंच.

आणि आर्ट्सचं म्हणाल, तर इतिहास, भाषा, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान शिकताना काय होतं? दुसऱ्याचं ऐकून घेणं, खरंखोटं पारखणं, आपलं म्हणणं नीट मांडणं जमू लागतं. हे वकिलाला लागतं, शिक्षिकेला लागतं आणि ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या बाईलाही लागतं.

आई-बाबांनो, आता जालन्यातच दानकुंवर महिला महाविद्यालय आहे. मुंबईही आता रेल्वेनं एका रात्रीवर आली. लेक आर्ट्स म्हणाली, तर "काय करणार?" याआधी "काय आवडतं?" एवढं तरी विचारा.

आणि मुलांनो, तुम्ही लुईसारखं बहिणीला जरूर शिकवा. पण घरात तिच्या कॉलेजचा विषय निघाला, की गप्प बसू नका. तिच्या बाजूनं बोला!