शिक्का

आर्किटेक्टच्या कुठल्याही जुन्या ऑफिसात तो साहेबांच्या टेबलाच्या वरच्या खणात राहतो. लाकडी मूठ, झिजलेलं रबर, जांभळ्या शाईने कायमचे माखलेले काठ. त्यावर साहेबांचं नाव आणि खाली ‘सीए’ने सुरू होणारा आर्किटेक्टांच्या कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. बोलणं एवढंच, पण तेवढ्यासाठी बिल्डर गाडी पाठवतो.

रेघ ओढायची त्याला ठाऊक नाही. ते काम ट्रेनिंगला आलेल्या पोरांचं. संडासाचं दार कमोडला अडतंय हे रात्री अकराला त्यांच्याच लक्षात येतं, मग डक्ट दोन इंच सरकवायची, की शेजारचं किचन बिघडतं, की पुन्हा पहिल्यापासून. हे महाशय तेव्हा खणात आडवे. सकाळी उठून दोन ठोके देतात आणि इमारत साहेबांची होते.

तरी त्याला ऐतखाऊ म्हणवत नाही. जमिनीवरच्या कर्जाचं व्याज रोज चढत असतं. महापालिकेतून प्लॅन एका शेऱ्यापायी परत आला की महिना गेलाच. कुठल्या टेबलावर कोणता शेरा पडणार हे आधीच ओळखणाऱ्याला बिल्डर पैसे मोजतो. सुंदर दर्शनी भाग त्याला फुकटात मिळतो. बिल्डरांना वेसण घालणारा रेरा कायदा आल्यापासून तर शिक्क्याचा भाव आणखी चढला. फ्लॅटवाल्यांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि काम किती झालं याचे दाखले जोडल्याशिवाय ते काढता येत नाहीत. त्यातला एक दाखला आर्किटेक्टचा. उद्या भानगड झाली तर नोटीस कुणाच्या नावे काढायची, तेही शिक्क्यावर वाचता येतं. ट्रेनिंगच्या विद्यार्थ्याकडे क्रमांकच नाही. 1972च्या आर्किटेक्ट कायद्यानुसार नोंदणीशिवाय त्याला स्वतःला आर्किटेक्टही म्हणवून घेता येत नाही.

विद्यार्थ्याची ही अडचण फक्त इथलीच नाही. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकासाठी 1981मध्ये स्पर्धा झाली. प्रवेशिका 1,421, सगळ्यांची नावं झाकलेली. जिंकली माया लिन, येल विद्यापीठातली 21 वर्षांची विद्यार्थिनी. नावं उघडी असती तर ती जिंकली नसती, असं मला वाटतं. आणि जिंकूनही प्रत्यक्ष बांधकामाची जबाबदारी कूपर-लेकी या फर्मकडे द्यावी लागली. आपल्या शिक्क्याचे भाऊबंद तिकडेही आहेत.

आता प्लॅन ऑनलाइन जातात. शिक्क्याचं बरंचसं काम डिजिटल सहीच्या डोंगलने घेतलंय. ते साहेबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतं. पिन मात्र ट्रेनिंगच्या पोरांना पाठ असतो.