सस्पेन्स खात्यातला कण

मी कॉमर्सचा. दहावीनंतर फिजिक्सने मला आणि मी फिजिक्सला परस्परसंमतीने सोडलं. त्यामुळे परवा पुतण्याने 'न्यूट्रिनो' म्हटलं तेव्हा मला ते एखादं नवं शीतपेय वाटलं. पण त्याने त्या कणाची जन्मकथा सांगितली आणि मी ताठ बसलो.

अणुगर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना म्हणे ऊर्जेचा हिशेब जुळेना. रक्कम कमी भरायची. १९३० साली पाउली नावाच्या शास्त्रज्ञाने फरकाएवढा एक अदृश्य कण कल्पून टॅली केली. म्हणजे सस्पेन्स खातंच की! तो कण प्रत्यक्ष सापडायला १९५६ उजाडलं. सव्वीस वर्षं पेंडिंग! आमच्याकडे ऑडिटरने जीव घेतला असता.

हे कण दर सेकंदाला अब्जावधींनी आपल्या अंगातून जातात आणि आपल्याला पत्ता नसतो. हेड ऑफिसच्या परिपत्रकांचं तेच. क्वचित एखादा कशावर तरी आदळतो. त्यासाठी दक्षिण ध्रुवावर 'आइसक्यूब' नावाची दुर्बीण आहे. एक घन किलोमीटर बर्फ आणि त्यात दीड ते अडीच किलोमीटर खोल सोडलेले ५१६० प्रकाशसंवेदक. कण बर्फात आदळला की निळसर उजेड चमकतो, तो टिपायचा.

"काका, न्यूट्रिनोच्या तीन जाती माहीत आहेत. चौथी आहे का, ते तिथे शोधतात. ती कुणाशी व्यवहारच ठेवत नाही."

"इनऑपरेटिव्ह खातं," मी म्हणालो.

ती असती तर पृथ्वीच्या पोटातून आरपार येणाऱ्या कणांत ठरावीक जागी तूट दिसली असती. वीस हजारांवर नोंदी तपासल्या आणि २०१६ साली त्यांनी चक्क छापलं : सापडली नाही. खाली सगळ्यांची नावं!

इथे मात्र मला चहा गोड लागेना. मार्चअखेरीला माझी कॅश पाचशेने शॉर्ट होती. रात्रीचे नऊ वाजलेले. मी खिशातून पाचशे भरले, 'कॅश बरोबर' म्हणून सही ठोकली आणि घरी सांगितलं, एकाच्या निरोपसमारंभाला वर्गणी दिली.

ही दारातच उभी होती.

"निरोप कुणाचा होता हो?" तिने विचारलं.

मला नाव सुचेना. सगळं सांगून टाकलं. ती काहीच बोलली नाही. घरखर्चाची डायरी काढली, मार्चचं पान उघडलं, 'निरोपसमारंभ' खोडलं आणि पाचशेच्या पुढे लिहिलं : 'शोध चालू.'