उतरायचं स्टेशन

मुलुंड ते सीएसएमटी, स्लो लोकल. साधारण तासाभराचा प्रवास. विंडो सीट मिळाली तर सोन्याहून पिवळं! या तासाचं तुम्ही रोज काय करता? मोबाइल, गाणी, नाहीतर सरळ डुलकी. येत्या शनिवारी थोडा बदल करून बघा. सॅकमध्ये विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ टाका आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत जा.

कादंबरी आहे 1939 ची, पण जाडजूड नाही, दोन-तीन खेपांत संपेल. नाव रणांगण असलं तरी इथे तोफा नाहीत की सैनिक नाहीत. आहे ती युरोपातून निघालेली एक बोट. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू माणसं आहेत आणि मायदेशी परतणारे काही भारतीय. त्यातलाच एक चक्रधर. त्याला भेटते हॅर्टा. डेकवरच्या गप्पा, जेवणाची टेबलं, रुसवेफुगवे आणि प्रेम. सगळं बोट किनाऱ्याला लागेपर्यंतच! चक्रधर मुंबईला उतरणार, हॅर्टाला मात्र शांघायपर्यंत जायचंय. कारण बहुतेक देशांनी दारं लावून घेतली होती आणि शांघायला तेव्हा व्हिसाशिवाय उतरता येत होतं. सुमारे 20 हजार ज्यूंनी त्या शहराचा आसरा घेतला.

आता खिडकीबाहेर बघा. ज्या मुलुंडहून तुम्ही गाडी पकडलीत, तिथली मुलुंड कॉलनी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची. त्यातले कितीतरी जण कराचीहून बोटीनेच मुंबईला आले होते. घरदार मागे टाकून आलेलेच तेही, पण त्यांना निदान उतरायला एक किनारा मिळाला. त्यांची नातवंडं आज तुमच्याच डब्यात असतील, तुमच्यासारखीच घड्याळाकडे बघत.

घाटकोपर आलं की अंधेरीहून मेट्रोने आलेली गर्दी आत घुसते. ‘जरा सरकून घ्या’ म्हणत चौथी सीट तयार होते. रोज भेटणारे चेहरे, वाटून खाल्लेला डबा, नाव माहीत नसलेली मैत्री... बोटीवरचं जग कळायला आपल्याला फार कष्ट पडत नाहीत. फरक एवढाच की आपल्या प्रत्येकाला उतरायचं स्टेशन ठरलेलं आहे.

सँडहर्स्ट रोड सोडलं की डाव्या हाताला गोद्यांचा भाग. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. पोटात स्फोटकं, कापूस आणि सोनंसुद्धा! आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान, गोदीतले कामगार, आसपासच्या वस्तीतली माणसं... शेकडो जण गेले. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्याच आठवणीत. कादंबरी आली त्यानंतर पाचच वर्षांनी युद्ध असं थेट मुंबईच्या बंदरात येऊन फुटलं. यात मेलेले बहुतेक जण कुठल्याच आघाडीवर गेले नव्हते, ते रोजच्या कामावर आले होते.

सीएसएमटीला उतरलात की जीपीओवरून चालत बॅलार्ड इस्टेट गाठा. शनिवारी दुपारी तिथले दगडी इमारतींचे रस्ते छान शांत असतात. भूक लागली तर ब्रिटानियाचा बेरी पुलाव आहेच. पलीकडेच बॅलार्ड पिअर. परदेशी बोटींचे उतारू इथेच मुंबईत पाऊल ठेवायचे. आत सहजासहजी सोडत नाहीत, पण कादंबरीची शेवटची पानं वाचायला याच्याइतकी योग्य जागा नाही. हॅर्टाचं पुढे काय होतं ते सांगत नाही, मजा जाईल. मजा हा शब्द इथे चुकीचाच आहे म्हणा.

येताना मुलुंडला गाडी थांबेल. दारातल्या गर्दीतून वाट काढत तुम्ही उतराल आणि मागच्यांना म्हणाल, ‘चला, भेटू सोमवारी.’ हे वाक्य हॅर्टाला कुणीच म्हणू शकलं नव्हतं.