शेरा नावाचा रकाना

सरकारी तक्ता कुठल्याही खात्याचा असो, तो ‘अ. क्र.’ने सुरू होतो आणि ‘शेरा’वर संपतो. मधले रकाने बदलतात. शेरा मात्र कायम शेवटी, कागदावर उरलेल्या जागेत, बोटभर रुंदीचा. त्यात सहसा कुणी काही लिहीत नाही. फार तर ‘निरंक’ लिहितात. निरंक म्हणजे काहीही नाही. पण काहीही नाही हेसुद्धा वेळेत कळवावं लागतं. नाही कळवलं तर स्मरणपत्र येतं.

ही भाषा मी दोन वर्षांपूर्वी शिकले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते. आमच्या कंपनीचा एक सामाजिक उपक्रम होता, त्यातून मला सहा महिन्यांसाठी एका जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसेवकांना प्रशिक्षण देणारं सरकारी केंद्र. काम एका ओळीचं होतं : ‘अहवालांची पद्धत सुधारणे.’ केंद्रात एक हॉल, मागे वसतिगृह, मेस, चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू. साहेब, दोन प्रशिक्षक, एक शिपाई आणि अण्णा. अण्णा म्हणजे लिपिक. आवक-जावक, आस्थापना, बिलं, मेसचा हिशोब, प्रिंटरचा कागद अडकला तर तो काढणं, सगळं अण्णा.

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, “मॅडम, एखादं ॲप करून टाका.” मी म्हटलं, आधी पंधरा दिवस नुसती बसते.

अण्णांच्या शेजारी खुर्ची टाकून मी बसले. आलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक मेल, प्रत्येक व्हॉट्सॲप मेसेज वहीत लिहायला लागले : कुणी मागितलं, कधीपर्यंत, कोणते रकाने. ‘आजच्या आज’ हे तर मेसेजमध्ये नमस्कारासारखं येतं. एक बॅच संपली. चाळीस माणसं, तीन दिवस. या चाळीस माणसांची माहिती अण्णांनी किती ठिकाणी भरली, ते मी मोजलं. हजेरीपट. मेसचं रजिस्टर. राज्यस्तरावरचा मासिक प्रगती अहवाल. जिल्हा परिषदेचा वेगळा तक्ता. केंद्र सरकारचं पोर्टल. खर्चाचं विवरण. आणि गटावर फोटोसोबत टाकायचा मजकूर. सात ठिकाणी. यातले दोन तक्ते स्कॅन करून आलेले, म्हणजे एका ऑफिसात कॉम्प्युटरवर केलेला तक्ता छापून, सही करून, फोटो काढून पाठवलेला. अण्णा तो पुन्हा टाइप करायचे, भरायचे, छापायचे, साहेबांची सही घ्यायचे, पुन्हा स्कॅन करायचे. वरच्या ऑफिसात बसलेला कुणी दुसरा अण्णा तो आणखी एकदा टाइप करत असणार.

अण्णा आळशी नव्हते. अव्यवस्थित तर अजिबात नव्हते. त्यांचं कपाट बघून मला माझ्या टीममधल्या काही जणांची लाज वाटली. आपल्याकडे कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत आहे : हातातली प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. अण्णांकडे हे सहाही गठ्ठे लाल फडक्यात बांधलेले, वर चिठ्ठी लावलेली. नियतकालिकं म्हणजे ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल. तो गठ्ठा बाकीच्या पाचांपेक्षा जाड होता.

कार्यालय सुधारायचं म्हणजे कॉम्प्युटर आणायचा, असं आमच्या क्षेत्रातल्या लोकांना वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपलं कार्यालय कॉम्प्युटरशिवायच बदलून दाखवलं होतं. टेबलांची मांडणी, कागद ठेवायची पद्धत, कुणी काय करायचं याच्या लेखी सूचना. अजूनही जुने कर्मचारी ‘लखिना पॅटर्न’ म्हणतात. अण्णांनीच मला तो शब्द सांगितला. तेही पुढे म्हणाले, “आता फायलीसाठी तर कायदाच आहे.” खरंच आहे. महाराष्ट्रात २००५च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. पण एकाच माणसाकडे एकच माहिती किती वेळा मागावी, यावर कायदा नाही.

मी ॲप केलं नाही. एक यादी केली. आधी प्रत्येक बॅचची एक ओळ असायची : एकूण इतके, महिला इतक्या, अनुसूचित जाती इतके, जमाती इतके. मी प्रत्येक माणसाची एक ओळ केली. माणूस एकदा भरायचा, बाकी सगळे तक्ते त्यातून आपोआप मोजले जातील. यात नवीन काही नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकवतात.

जुनी माहिती त्यात आणायला महिना गेला. अर्ध्या फायली कृतीदेवमध्ये, काही श्रीलिपीत. हे जुने फॉन्ट दिसतात मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे नाव शोधायला गेलं की सापडत नाही. सगळं युनिकोडमध्ये आणलं. मग प्रश्न आला ओळख पटवण्याचा. एकच बाई एका यादीत आडनाव आधी, दुसरीत ‘सौ.’ लावून, तिसरीत माहेरच्या नावाने. माणूस ओळखायचा कशावरून? मोबाइल नंबर सोयीचा. तो वापरण्याआधी मी तपासणी लावली : एक नंबर दोन नावांपुढे आहे का?

यादी खाली सरकतच राहिली. महिला सदस्यांच्या नावापुढे जे नंबर होते, त्यातले बरेच आणखी कुठेतरी होते. काही आधीच्या टर्मच्या सरपंचाच्या नावापुढे, काही त्याच गावातल्या सोसायटीच्या चेअरमनच्या. नवऱ्याचे, सासऱ्याचे, दिराचे. मी अण्णांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, “मॅडम, नंबर ज्याचा, माणूस तोच येतो.”

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली, पंचायतींमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११मध्ये त्या निम्म्या केल्या. राज्यात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती, प्रत्येकीत सात ते सतरा सदस्य. त्यातल्या अर्ध्या बायका. आणि निवडून आलेल्यांना प्रशिक्षण द्यायचं ही आमच्या केंद्रासारख्या ठिकाणांची जबाबदारी. ग्रामसभा कशी घ्यायची, वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च करता येतो, नमुना क्रमांक ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी कशी वाचायची. पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईला हे सांगणारी दुसरी जागा सहसा नसते. अहवालात ‘प्रशिक्षित महिला’ हा आकडा दर महिन्याला उद्दिष्टाच्या जवळ होता. हॉलच्या शेवटच्या रांगेत मात्र पुरुष बसलेले असायचे, हजेरीपटावर बायकोच्या नावापुढे सही करून. काही बायका स्वतः यायच्या. जेवणापर्यंत थांबायच्या आणि एसटी धरायच्या.

त्या रात्री मी आईला फोन केला. माझी आई एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होती. मी तेव्हा कॉलेजला होते, हॉस्टेलवर. वॉर्डात महिला राखीव पडलं आणि आईचं नाव पुढे आलं. मी विचारलं, “आई, तू ट्रेनिंगला गेली होतीस का गं?”

“कुठं? मी नाय गेले.”

“पण झालं होतं ना ट्रेनिंग?”

“झालं की. रजिस्टर घरी आलं होतं. च्या केला आणि सही केली.”

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस पडून गेला, असं सांगावं तसं. मग म्हणाली, “जायचं होतं मला. तीन दिवस राहायचं म्हणाले. तुझ्या आजीचं दुखणं होतं.” आणि विषय बदलला.

म्हणजे माझी आई सरकारी आकड्यात प्रशिक्षित आहे. कुठल्या तरी तक्त्यात ती एक आहे, बेरजेत धरलेली. ती पाच वर्षं मासिक सभेला जायची आणि ठराव वाचून दाखवला की सही करायची. आज निवृत्त होऊन भिशीचा हिशोब पैसान्‌पैसा ठेवणारी ही बाई ग्रामपंचायतीचं कॅशबुक वाचू शकली नसती, असं मला कुणी सांगू नये.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, यादीत एक रकाना वाढवूया : ‘स्वतः उपस्थित, पूर्ण वेळ.’ हो किंवा नाही. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरा आकडा पाठवायला माझी ना नाही. पण बाकीच्या जिल्ह्यांचे शंभर टक्के जाणार आणि आपले पन्नास. मग खुलासा कुणाला मागणार? मला. पुढच्या वर्षी निधी कुणाचा कापणार? आपला. आणि निधी कापला की आत्ता येतात त्या बायकाही येणार नाहीत.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण साहेब बरोबर बोलत होते. जिथे खरा आकडा देणाऱ्यालाच खुलासा द्यावा लागतो, तिथे खोटं बोलायला कुणाला वाईट असावं लागत नाही. अहवाल वर जातो. वरून फक्त प्रश्न येतात. भरणाऱ्याच्या हातात त्यातून परत काहीच पडत नाही. मग तो तक्ता भरतो तो वाचणाऱ्यासाठी, आणि वाचणाऱ्याला जे आवडेल तेच त्यात येतं.

तेव्हा आम्ही असं ठरवलं की आधी तो रकाना आपल्या स्वतःच्या कामासाठी ठेवायचा. खरा आकडा खाली, आपल्याच टेबलावर, रोज दिसला पाहिजे. आणि तो रकाना भरल्याचा फायदा अण्णांना झाला पाहिजे. मी यादीतून मेसचं पत्रक काढायची सोय केली. पूर्ण वेळ थांबणारे किती, त्यावर दुसऱ्या दिवशीची जेवणाची ताटं. आधी अण्णा अंदाजाने सांगायचे आणि उरलेल्या अन्नावरून मेसवाल्याशी भांडण व्हायचं. आता आकडा बरोबर यायला लागला. अण्णांना तो रकाना खरा भरण्यात रस निर्माण झाला.

मग त्या रकान्याने बोलायला सुरुवात केली. निवासी बॅचला बायका कमी. शाळेच्या परीक्षांच्या आठवड्यात आणखी कमी. ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर गेलेलं निमंत्रण नवऱ्याच्या हाती पडतं. साहेबांनी दोन गोष्टी स्वतःच्या अधिकारात बदलल्या. निमंत्रण बाईच्या नावाने आणि तिच्याच नंबरवर. नंबर नसेल तर आशाताईंकडून निरोप. आणि महिलांच्या एका बॅचसाठी तीन दिवस सलग मुक्काम न ठेवता तालुक्याच्या ठिकाणी आठवड्याच्या अंतराने तीन वेगवेगळे दिवस, अकरा ते चार. लहान मुलांना बसायला शेजारची खोली, तिथे एक अंगणवाडीताई. खर्च वाढला नाही, मुक्कामाचा वाचला.

त्या बॅचला हॉल भरला असं मी म्हणणार नाही. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. पण मागच्या रांगेत पुरुष नव्हते. दुसऱ्या दिवशी एका बाईने आपल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक पिशवीतून काढून प्रशिक्षकांसमोर धरलं आणि विचारलं, “यात दिवाबत्तीला जेवढे धरलेत, तेवढे दिवे गावात नाहीत. मी कुणाला विचारायचं?” प्रशिक्षकांनी चष्मा पुसला आणि पुढचा तास त्या एका प्रश्नावर गेला.

त्या महिन्याचा अहवाल पाठवताना उपस्थितीचा आकडा कमी होता. साहेबांनी तो कमीच पाठवला. शेऱ्याच्या रकान्यात अण्णांनी त्यांच्या वळणदार अक्षरात, दोन ओळी मावाव्यात म्हणून बारीक करून लिहिलं : ‘सदर आकडा प्रत्यक्ष व पूर्ण वेळ उपस्थित महिलांचा आहे. प्रतिनिधी समाविष्ट नाहीत.’ खुलासा मागितला गेला. साहेबांनी दिला. यादीच जोडली. त्यावर पुढे काही आलं नाही. शाबासकी नाही आणि कारवाईही नाही.

मी परत आल्यावर चार महिन्यांनी साहेबांची बदली झाली. चांगली गोष्ट बदलीबरोबर जाते हे सगळ्यांना माहीत असतं. नव्या साहेबांना निवासी बॅचच बऱ्या वाटतात, असं कळलं. तालुक्याच्या बॅच बंद झाल्या. मला वाटलं, रकानाही गेला असेल.

मागच्या महिन्यात अण्णांचा फोन आला. निवृत्तीला सात महिने राहिलेत त्यांना. यादीत एक रकाना वाढवायचा होता आणि बेरजेचं सूत्र बिघडत होतं. मी म्हटलं, वरून नवीन नमुना आलाय का? नाही म्हणाले. मग कसला रकाना?

“बाईचा स्वतःचा फोन आहे का, तो. हो किंवा नाही. नवीन लिपिक येईल त्याला आयतं मिळेल. साहेबांना विचारलंय, म्हणाले ठेवा, मेसला लागतं ना ते.” मग थोडं थांबून म्हणाले, “शेऱ्याच्या आधी टाकू का नंतर?”

मी म्हटलं, “आधी टाका, अण्णा. शेरा शेवटीच राहू द्या.”