नवी शस्त्रक्रिया तपासताना

नवं औषध विकायला परवाना लागतो. नव्या शस्त्रक्रियेला तसा उंबरठाच नाही. सर्जन परिषदेत व्हिडिओ पाहतो, कार्यशाळेत हात बसवून घेतो आणि आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये ती सुरू करतो. आमच्या रुग्णालयात तिला आधी एका समितीपुढे यावं लागतं. मी त्या समितीवर आहे. स्वतः सर्जन असल्यामुळे प्रस्ताव आणणाऱ्याचा उत्साह मला आतून कळतो. बहुतेकदा तो प्रामाणिक असतो, म्हणूनच त्याला आवरणं अवघड जातं.

‘केलेले सगळे रुग्ण खूश आहेत’ हे ऐकलं की मला १९५०च्या दशकातली अमेरिका आठवते. हृदयशूलावर तेव्हा एक सोपी शस्त्रक्रिया जोरात होती. छातीच्या हाडालगत आतून जाणाऱ्या दोन धमन्या बांधायच्या, म्हणजे अडलेलं रक्त हृदयाकडे वळेल, असा तर्क. रुग्णांच्या कळा थांबत, गोळ्या कमी होत. १९५९ मध्ये सिएटलच्या लिओनार्ड कॉब यांनी १७ रुग्ण घेतले. छेद सगळ्यांना दिला, धमन्या मात्र काहींच्याच बांधल्या. कोणाच्या, हे ना रुग्णाला ठाऊक, ना नंतर तपासणाऱ्याला. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला! ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. काहींना नुसताच छेद देणार, याची कल्पना त्या रुग्णांना दिलेली नव्हती. अशा चाचणीला आज मी कदापि संमती देणार नाही. पण त्या १७ जणांमुळे पुढच्या कितीतरी छात्या वाचल्या, हे विसरता येत नाही.

प्रस्ताव हाती आला की मी निकालांआधी फॉलोअपला न आलेले शोधतो. लांबच्या गावचा माणूस बरा झाला म्हणून येत नाही, एसटीच्या भाड्याची सोय नाही म्हणून येत नाही, की तो आता हयातच नाही? चौकशी केल्याशिवाय कळत नाही. मग विचारतो, दुखणं मोजलं कोणी? ज्यानं ऑपरेशन केलं त्यानंच ‘कसं वाटतंय?’ विचारलं, तर आपल्याकडचा रुग्ण भिडेखातर ‘बरंय डॉक्टर’ म्हणतो. वेळेचाही पेच असतो. हात बसण्याआधी तपासली तर चांगली शस्त्रक्रियाही बाद ठरते. उशीर केला तर ती रूढ होते आणि तुलनेला कोणी तयार होत नाही.

चिठ्ठ्या टाकून उपचार ठरवणं आपल्याकडे जमायचं नाही, असं सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा असताना, मानेत गाठ लागत नसली तरी तिथल्या लसीकाग्रंथी लगेच काढाव्यात की गाठ आल्यावर, हा वाद वर्षानुवर्षं ज्याच्या त्याच्या अनुभवावर चालला होता. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकूनच नेमकी ही तुलना केली. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा निकाल आला. तीन वर्षांनी, लगेच ग्रंथी काढलेल्या गटात जगण्याचं प्रमाण ८० टक्के होतं, थांबलेल्या गटात ६७.५.

तुम्हाला कोणी ‘नव्या तंत्रानं करू’ म्हणालं, तर जरूर विचारा: जुन्या उपचाराशी याची तुलना झाली आहे का? तुमच्या हातून अशा किती झाल्या? आणि नाहीच केली तर माझं काय होईल? या प्रश्नांचा ज्या डॉक्टरला राग येतो, त्याच्याकडून ती शस्त्रक्रिया करून घेऊ नका.